डोंबिवलीकरांचा अर्धा पौरधर्म

मुंबईपासून ४८ किलोमीटरवर, उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेल्या डोंबिवलीची महाराष्ट्रात दुहेरी कीर्ती आहे. सुशिक्षितांचे, वाचकांचे आणि रसिकांचे गाव ही एक. खड्डे, कचरा, धूर व गर्दी ह्यांनी गांजलेले गाव ही दुसरी. दोन्ही कीर्ती खऱ्या आहेत. ज्या गावात साहित्य संमेलन भरते आणि सणाच्या दिवशी सहस्रावधी माणसे शिस्तीने मिरवणुकीत चालतात, त्याच गावात पावसाळ्यात धड चालता येईल असा रस्ता मिळू नये, ही विसंगती दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येणार नाही. दोष शासनाकडे जातो, महापालिकेकडे जातो, ह्यात शंका नाही, आणि तो आम्ही पुढे सांगणारच आहोत. परंतु त्या दोषाचा काही वाटा खुद्द डोंबिवलीकर नागरिकाकडेही जातो, आणि तो त्याला सहसा कोणी सांगत नाही. निवडणुकीच्या दिवसांत मतदाराची स्तुती करावी आणि एरव्ही त्याला विसरून जावे, असाच आपल्या सार्वजनिक जीवनाचा रिवाज पडून गेला आहे.

खाडीकाठच्या खेड्यांचे नगर

शेजारचे कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांचा उल्लेख सापडतो. डोंबिवलीपाशी मिरवण्यासारखे असे वैभव नाही. पाथर्ली, आयरे, चोळे, ठाकुर्ली, कोपर, नवापाडा, मोठागाव ही खाडीच्या आधाराने राहिलेली खेडी. भातशेती आणि मासेमारी हा त्यांचा व्यवसाय आणि आगरी-कोळी समाज हा त्यांचा मूळचा रहिवासी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणला जाऊन भिडला. ह्या रुळांनी डोंबिवलीच्या भूमीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, आणि तिचे भवितव्यही त्याच वेळी ठरवून टाकले. पुढे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले तेव्हा ठाकुर्लीनजीक चोळे येथे रेल्वेने स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र उभारले. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांची वस्ती वाढली, आणि खेड्यांच्या मधोमध एका नव्या गावाचा अंकुर फुटला.

खरी वाढ झाली ती स्वातंत्र्यानंतर. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतून एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहू लागली आणि पागडीचे आकडे कारकुनाच्या मिळकतीला झेपेनासे झाले, तेव्हा बँकेतला, पोस्टातला, रेल्वेतला, सचिवालयातला पगारदार मनुष्य लोकलचा पास काढून डोंबिवलीला आला. कोकणातून आणि घाटावरून मुंबईस नोकरीसाठी येणाऱ्यांनीही पुढे मुंबईचा मोह सोडून थेट येथेच बिऱ्हाड थाटले. हे गाव कोणत्या संस्थानिकाने वसविलेले नाही, की कोणत्या गिरणीमालकाने आपल्या कामगारांसाठी बांधलेले नाही. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेल्या रकमा, सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हप्ते आणि गृहिणींनी मोडलेले दागिने ह्यांवर ह्या नगरीच्या भिंती उभ्या आहेत. म्हणूनच येथील नागरिकाचे आपल्या घरावर जीवापाड प्रेम आहे. प्रश्न आहे तो घराच्या उंबरठ्याबाहेरचा.

कर्तृत्वाची साक्ष

उंबरठ्याबाहेर डोंबिवलीकराने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र सरासर अन्याय होईल. मुंबईच्या चाळीतून येताना त्याने चाळीतील सार्वजनिकपणा बरोबर आणला. मुलांसाठी शाळा नव्हत्या, त्या वर्गण्या गोळा करून काढल्या. टिळकनगरसारख्या वसाहतींनी आपले गणेशोत्सव, व्याख्याने व क्रीडास्पर्धा ह्यांची परंपरा उभी केली. महाविद्यालय नव्हते, तेही झाले. आज पेंढरकर महाविद्यालयाचे नाव घेतले की डोंबिवलीच्या कित्येक घरांतील दोन पिढ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे ह्यांच्यासारखे लेखक ह्याच गावात राहिले. पै फ्रेंड्स लायब्ररीसारखे खाजगी ग्रंथालय येथे नुसते तगलेच नाही, तर वाचकांनी वाचून झालेली पुस्तके आणून द्यावीत आणि बदली दुसरी न्यावीत, असा पुस्तकांच्या आदानप्रदानाचा उपक्रम त्याने गावभर लोकप्रिय केला.

१९९९ साली श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा प्रथम डोंबिवलीत निघाली. नववर्षाचे स्वागत घरातील गुढीपुरते न ठेवता नगराने एकत्र येऊन करावे, ही ती कल्पना. आज गिरगाव, ठाणे, पुणे, नागपूर, किंबहुना महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांतूनही अशा यात्रा निघतात. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण मंडळींची जी गर्दी लोटते, ती कोणी संघटित केलेली नसते. ती रीत गावाने आपली आपणच पाडून घेतली. २०१७ च्या फेब्रुवारीत डॉ. अक्षयकुमार काळे ह्यांच्या अध्यक्षतेखाली ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले आणि त्याचे यजमानपद आगरी यूथ फोरमने भूषविले. ज्यांच्या भातखाचरांवर ह्या इमारती उभ्या राहिल्या, त्या भूमिपुत्रांनी पु. भा. भावे ह्यांच्या नावाच्या साहित्यनगरीत साऱ्या महाराष्ट्राला पाहुणचार केला, ही घटना आम्हांला संमेलनातील कित्येक भाषणांपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटते.

ह्या यादीत आम्ही आणखी एका संस्थेची भर घालू. ती म्हणजे पोळी-भाजी केंद्र. नवरा-बायको दोघेही सकाळी गाडी पकडतात आणि रात्री दमून परततात, त्या संसारासाठी स्टेशनबाहेर ताज्या पोळ्या आणि भाज्या विकत मिळण्याची सोय झाली आणि त्यातून शेकडो स्त्रियांच्या हाताला काम मिळाले. गरज ओळखून स्वतःच उत्तर शोधणे हा डोंबिवलीचा गुणच म्हटला पाहिजे. हा गुण शाळेत दिसतो, देवळात दिसतो, स्वयंपाकघरात दिसतो. महापालिकेच्या दारात आला की तो एकाएकी नाहीसा का होतो?

सुखसोयींची अवस्था

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण आणि डोंबिवली ही नगरे एका महापालिकेच्या छत्राखाली आली. आसपासची सत्तावीस गावे तेव्हा महापालिकेत घालण्यात आली, २००२ साली बाहेर काढण्यात आली आणि २०१५ साली पुन्हा आत घेण्यात आली. ह्या येरझाऱ्यांत त्या गावांचा विकास आराखडा कोणी करावयाचा, रस्ता कोणी बांधावयाचा आणि बेकायदा इमारत कोणी अडवावयाची, हे नक्की कोणालाच उरले नाही. २०११ च्या जनगणनेत ह्या महापालिकेच्या हद्दीत सुमारे साडेबारा लाख माणसे मोजली गेली. पिण्याचे पाणी येते ते प्रामुख्याने उल्हास नदीतून. महापालिकेच्या मालकीचे धरण नाही. औद्योगिक वसाहतीच्या परिसराला पाणी पुरविणारी यंत्रणा आणखी वेगळी. रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याचे, पूल तिसऱ्याचा. तक्रार घेऊन गेलेल्या नागरिकाला प्रत्येक खिडकीवर शेजारची खिडकी दाखविण्यात येते.

कचऱ्याचा प्रश्न इतका हाताबाहेर गेला की २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने, घनकचऱ्याची व्यवस्था होईपर्यंत ह्या महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. स्वतःच्या घरचा केर काढीत नाही म्हणून न्यायालयाने एखाद्या नगरीला दटावावे, ह्याहून मोठी नामुष्की ती कोणती! पुढच्याच वर्षी ह्याच महापालिकेची केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. पूर्व-पश्चिम जोडणारा कोपरचा उड्डाणपूल धोकादायक ठरून २०१९ च्या सप्टेंबरात बंद झाला, तो पुन्हा सुरू होण्यास दोन वर्षे लागली. त्या काळात रुळांच्या एका बाजूचा रुग्ण दुसऱ्या बाजूच्या रुग्णालयात नेणे हेही एक संकट होऊन बसले होते. आणि ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर घेतले, त्याची कथा तर सर्वांत करुण. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून आणि त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून उभारलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघडकीस आले. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने अशा बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बांधणाऱ्याने पैसे मोजून घेतले, कागदावर शिक्के उमटले, बँकेने कर्ज दिले. बेघर होण्याची टांगती तलवार राहिली ती मात्र खरेदीदाराच्या मानेवर.

ह्या सर्वांहून भयंकर गोष्ट आहे ती रासायनिक कारखान्यांची. औद्योगिक वसाहत आखली गेली तेव्हा ती वस्तीपासून दूर होती. पुढे मधली मोकळी जमीन इमारतींनी गिळली आणि अणुभट्टीशी नव्हे, तरी वाफभट्ट्या व रसायनांच्या टाक्यांशी संसारांची भिंतीला भिंत लागली. २०१४ साली हिरवट पाऊस पडल्याची, २०२० साली रस्ता गुलाबी झाल्याची बातमी आली, तेव्हा लोक हसले. परंतु २६ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटात बारा जण प्राणास मुकले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल मात्र नागरिकांना माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन मिळवावा लागला. धोकादायक कारखाने अन्यत्र हलविण्याच्या घोषणा झाल्या. २३ मे २०२४ रोजी पुन्हा तसाच स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली. घोषणाही पुन्हा झाली. आठ वर्षांच्या अंतराने एकाच महिन्यात, एकाच वसाहतीत, एकाच प्रकारे माणसे मरतात, तेव्हा त्याला अपघात म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही.

वेळ नाही, ही सबब

आता नागरिकाकडे वळू. २०१५ साली निवडून आलेल्या महापालिकेची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली. प्रथम महामारीचे आणि नंतर न्यायालयीन वादाचे कारण झाले; पुढची पाच वर्षे उलटून गेली तरी नवी निवडणूक झालेली नव्हती. तेवढा काळ ह्या नगरीचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. एका पूर्ण मुदतीइतका काळ लक्षावधी सुशिक्षितांच्या नगरीला एकही नगरसेवक नव्हता! ह्या गोष्टीचा संताप येऊन डोंबिवलीकर रस्त्यावर आल्याचे आम्हांला स्मरत नाही. गाडी वीस मिनिटे उशिरा आली तर फलाटावर जेवढी चर्चा होते, तेवढीही ह्या पाच वर्षांच्या विलंबाची झाली नाही.

मतपेटीची साक्षही वेगळी नाही. डोंबिवली ज्यात मोडते त्या कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१४ आणि २०१९ ह्या दोन्ही निवडणुकांत निम्म्याहून अधिक मतदार मतदान केंद्राकडे फिरकले नाहीत. त्या मतदारसंघात इतरही गावे आहेत हे मान्य. पण २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत खुद्द डोंबिवली मतदारसंघातही मतदान निम्म्याच्या आतच राहिले. ज्या गावाचा साक्षरतेचा एवढा लौकिक, तेथे ही गत! निवडून येणाऱ्यास ह्याचा अर्थ नेमका कळतो. जो मत देत नाही, त्याचा खड्डा बुजविला नाही तरी चालते.

ह्यावर डोंबिवलीकराचे उत्तर तयार असते : वेळ कोठे आहे? हे उत्तर आम्ही हसण्यावारी नेणार नाही. सकाळची गाडी, दारात लोंबकळत केलेला प्रवास, कचेरी आणि पुन्हा तोच प्रवास ह्यांत माणसाचा दिवस संपतो. ठाणे ते दिवा ह्यांमधील पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तरी गर्दी हटली नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जात असता दारातील प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांना प्राण गमवावे लागले. ज्या माणसाने जीव मुठीत धरून रोज पोट भरायचे, त्याने रात्री महापालिकेचा अर्थसंकल्प वाचत बसावे असा उपदेश करणे सोपे आहे, आणि क्रूरही आहे.

परंतु हेच नागरिक स्वागतयात्रेसाठी महिनाभर आधीपासून बैठका घेतात, लेझीम आणि ढोल-ताशांच्या तालमी करतात, चित्ररथ सजवितात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाण्याच्या पंपावरील खर्चाचा पै-पैचा हिशेब मागतात. संस्थेचा चिटणीस टाळाटाळ करू लागला तर त्याला सळो की पळो करून सोडतात. म्हणजे वेळ अजिबातच नाही असे नव्हे. संघटनेची कला अवगत नाही असे तर मुळीच नव्हे. संस्थेच्या फाटकापर्यंतचे ते आपले आणि फाटकापलीकडचे ते कोणाचेच नाही, ही समजूत मनात घट्ट बसली आहे. मुंबईत नोकरी, गावी वडिलोपार्जित घर, आणि डोंबिवलीत केवळ मुक्काम. अशी ज्याच्या मनाची वाटणी झाली, तो पंचवीस वर्षे राहूनही गावाचा पाहुणाच राहतो. उत्सवापुरते गाव आपले मानणे हा अर्धा पौरधर्म झाला. उरलेला अर्धा कंटाळवाणा असतो. त्यात ढोल वाजत नाहीत आणि छायाचित्रेही निघत नाहीत.

काय करता येईल?

शासनाने करावयाच्या गोष्टी उघड आहेत. धोकादायक कारखान्यांच्या स्थलांतराचे वेळापत्रक तारखांसह जाहीर झाले पाहिजे. आणि स्थलांतर होईपर्यंत कोणत्या कारखान्यात कोणते रसायन किती साठविले आहे, ह्याची माहिती वसाहतीच्या वेशीवर मराठीत लावली पाहिजे. कारखाने हलविताना तेथील कामगारांचा रोजगार बुडणार नाही, ह्याची जबाबदारीही शासनाचीच आहे. प्रत्येक परवानगीप्राप्त इमारतीची यादी नागरिकाला एका ठिकाणी पाहता आली, तर बनावट शिक्क्यांचा धंदा पुष्कळ अंशी बसेल. रस्ता, पाणी व गटारे ह्यांसाठी नागरिकाला एकच दार ठोठवावे लागावे, एवढी तरी अपेक्षा करदात्याने का करू नये?

नागरिकांना मात्र नवी चळवळ उभारण्याचीही आवश्यकता नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ सालापासून अंमलात आहे आणि तिने तीन लाखांहून अधिक वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या आहेत. मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ सालापासून आहे. ह्या सभा कायद्याच्या पुस्तकातून गल्लीत उतराव्यात असे डोंबिवलीकरांनी मनावर घेतले, तर त्यांना अडविण्याची कोणाची प्राज्ञा आहे? प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या वार्षिक सभेत पंपाच्या खर्चाबरोबर प्रभागाच्या खर्चाचा एक विषय ठेवावा. महापालिकेच्या अर्थसंकल्पातून आपल्या प्रभागाला काय मिळाले, त्यातील किती काम झाले, हे एका सभासदाने माहिती मागवून वाचून दाखवावे. गावात सेवानिवृत्त अभियंते, लेखापाल, वकील आणि शिक्षक ह्यांची वाण नाही. बँकेचे जमाखर्च तपासण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना महापालिकेचे हिशेब कळणार नाहीत असे कोण म्हणेल? गणेश मंदिर संस्थानापासून आगरी यूथ फोरमपर्यंत ज्या संस्थांच्या शब्दाला गावात वजन आहे, त्यांनी हे काम आपल्या कार्यक्रमपत्रिकेत घेतले, तर जुने रहिवासी आणि नवे रहिवासी, पूर्व आणि पश्चिम ह्यांना एकत्र आणणारे ते उत्सवाइतकेच बळकट निमित्त ठरेल.

ह्यात पक्षाचे राजकारण आणण्याचे कारण नाही. कोणीही निवडून यावे. निवडून आलेल्या माणसाला आपल्यावर नजर आहे, एवढी जाणीव राहिली म्हणजे झाले. २०१६ च्या स्फोटाचा अहवाल बाहेर आला तो चिकाटीने अर्ज करीत राहणाऱ्या नागरिकांमुळे. बनावट परवानग्यांचे प्रकरण न्यायालयात गेले तेही नागरिकानेच दाद मागितली म्हणून. दोन-चार माणसांच्या नेटाने एवढे होऊ शकते, तर स्वागतयात्रेत चालणाऱ्या माणसांपैकी दशांशांनी जरी हे व्रत घेतले तरी काय होईल, ह्याचा अंदाज डोंबिवलीकरांनीच करावा.

मुंबईच्या पलीकडे आज अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल अशी उपनगरी शहरे डोंबिवलीच्याच वाटेने वाढत आहेत. तेथेही तीच पगारदार माणसे, तोच पास आणि तेच हप्ते आहेत. डोंबिवलीने त्यांना नववर्षाचे स्वागत कसे करावे हे शिकविले. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आपले नगर कसे चालवावे हेही तिनेच शिकवावे, अशी आमची अपेक्षा आहे. आणि ज्यांनी रिकाम्या माळावर वर्गणी काढून शाळा उभ्या केल्या, त्यांच्या मुलानातवंडांकडून ही अपेक्षा करणे काही फार मोठे मागणे नव्हे.